सासूबाईंच्या आईची नोंद

आमच्या सासूबाई बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नसत. माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते, तेव्हा नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासूबाईंनी डिंकाचे लाडू वळले, जुनी लुगडी धुवून मऊ दुपटी शिवली, बाळंतकाढ्याच्या पुड्या आणून ठेवल्या. आणि लेक बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी येणार, त्या दिवशी सकाळी स्वतःचं गाठोडं बांधून मागच्या केळीच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीत राहायला गेल्या. बाराव्या दिवसापर्यंत तिथेच. स्वयंपाक त्याच करायच्या, मागच्या पडवीत चूल मांडून, आणि ताट उंबऱ्याबाहेर ठेवायच्या. पोटच्या लेकीला खिडकीबाहेर उभं राहून विचारायच्या, दूध येतंय ना गं पुरेसं.

मी चंदनसारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. आमच्याकडे पंपाची खोली नव्हती, पडवी नव्हती, आणि असले प्रकारही नव्हते. मला वाटलं, सोवळ्याचं काहीतरी असेल. नवऱ्याला विचारलं तर तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, आईचं ते तसंच आहे. माझ्या नाकावर राग. मी पेपर ओढून घेतला. मग त्याने सांगितलं. सासूबाई ज्या दिवशी जन्मल्या त्याच दिवशी त्यांची आई गेली. तेव्हापासून त्या पांढऱ्या पायाच्या ठरल्या. आईला खाऊन जन्मलेली पोर. लोकांनी म्हणायचं कधीच बंद केलं होतं, पण तोवर सासूबाईंना ते पटून गेलं होतं. आपली सावली बाळंतिणीवर आणि तान्ह्यावर पडू नये, एवढंच त्या बघत.

तेव्हा मी हसले होते. खरंच सांगते, हसले. दीड वर्षाने मला दिवस गेले तेव्हा मात्र हसू आलं नाही.

माझी आई माझ्या लग्नाआधी वर्षभर गेली होती. चंदनसारच्या घरात राहिले होते वडील आणि धाकटा भाऊ, चहासुद्धा करपवून दाखवणारे दोन पुरुष. माझं बाळंतपण कोण करणार? सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. डोंबिवलीची माझी मावशी तयार होती, आठवा भरत आला की मी तिकडे जायचं. मावशी वाईट नव्हती. पण मला मावशी नको होती. मला सासूबाई हव्या होत्या. ऑफिसमधून दमून आले की न बोलता मागे बसून माझे केस विंचरणारी बाई ती. माझ्या डब्यात वाडीतलं पहिलं वेलची केळं ठेवणारी, आणि मी ते न खाता परत आणलं की दिवसभर फुरंगटून बसणारी. आई गेल्यावर कुणावर हक्काने चिडावं असं माणूस मला याच घरात मिळालं होतं. आणि माझ्या सगळ्यात मोठ्या वेळेला तेच माणूस मला खिडकीबाहेरून विचारणार, दूध येतंय ना.

आता माझ्या नोकरीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. मी नगरपालिकेत कारकून होते, जन्म-मृत्यूच्या खिडकीवर. लोक तिला मयताची खिडकी म्हणायचे. जन्माचे दाखलेही तिथेच मिळायचे, पण ते कुणाच्या लक्षात राहत नसे. माणूस गेला की कुटुंबातलं कुणीतरी दवाखान्याचा कागद आणि स्मशानाची पावती घेऊन यायचं, अर्ज भरायचं, आणि मी वहीत नोंद करायचे. फ्लॅटवाल्यांचं काम सोपं असायचं. एव्हरशाईन सिटीतली मंडळी सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर झेरॉक्स काढून आणायची. घोडं अडायचं जुन्या नोंदींपाशी. एखादे आजोबा यायचे, चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावाचा दाखला मागायचे. तारीख विचारली की सांगायचे, केळी सगळी वाऱ्याने आडवी झाली ना, त्या साली. साल कुठलं, आजोबा? तेच की, केळी पडली ते.

अशा वेळी मी चिडायचे, आणि चिडत चिडत शोधायचे. एकेका नोंदीसाठी तीन तीन वह्या उलटायचे. आणि सापडली नाही की छापील कागदावर सही करून द्यायचे, सदर नोंद आढळून येत नाही. तो कागद घेऊन परत जाणाऱ्या माणसाची पाठ मला बघवत नसे. आपल्या माणसाचा जीव गेला हे खरं, पण सरकारच्या लेखी तो गेलाच नाही, असं काहीतरी त्यांना वाटत असणार. तर अशी मी, रोज दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांच्या तारखा शोधणारी, आणि घरातल्या त्या एका तारखेबद्दल मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

विचारलं ते माझ्या डोहाळजेवणाला. सातव्या महिन्यात घरात बायका जमल्या. हिरवी साडी, फुलांचे दागिने, वाडीतल्या अबोलीचे गजरे, सगळं सासूबाईंनी स्वतः केलेलं. आणि ओटी भरायची वेळ झाली तर त्याच नाहीत. मी इकडेतिकडे बघत होते. तेवढ्यात एक म्हाताऱ्या चुलत सासूबाई, माझ्या केसातला गजरा नीट करता करता, अगदी सहज म्हणाल्या की नाही आली ते बरंच केलं तिने. मनात काही वाईट नव्हतं हो त्यांच्या. म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच उठले. फुलांचे बाजूबंद, फुलांचा कंबरपट्टा, असली सजलेली आणि एवढं पोट घेऊन मी वाडीतून चालत बावखलावर गेले. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं, बागेला पाणी त्याचंच. सासूबाई पायरीवर बसून अळूची पानं धूत होत्या. अळू करायचंच नव्हतं त्या दिवशी.

मी विचारलं की हे काय चाललंय. त्या पान धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाय, मी जन्मले त्या दिवशी ती गेली. उगाच कोनी बोलत नाय. पाटलाच्या पुस्तकात लिवलंय."

इतके दिवस हे प्रकरण मला बायकांच्या तोंडचं वाटत होतं. पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर माझे कान टवकारले. असल्या पुस्तकांपुढे तर मी रोज बसत होते. मी त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले आणि सगळं नीट सांगायला लावलं.

हकिगत अशी होती. सासूबाईंची आई गेली, मागोमाग दीड वर्षात वडीलही. दुसरं भावंड नाही. मग खाडीपलीकडच्या मिठागरांच्या गावातली वडिलांची एक लांबची बहीण त्यांना घेऊन गेली. ती आत्या मायाळू होती, पण तिला भावाच्या घरचं फारसं काही ठाऊक नव्हतं. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा जन्मतारीख हवी म्हणून आत्याचा दीर सासूबाईंच्या मूळ गावी गेला. तो चार बुकं शिकलेला. पोलीस पाटलाने वही उघडून दाखवली. त्याने मुलीच्या जन्माची तारीख उतरवून घेतली, आणि पान उलटताना आईच्या मृत्यूची नोंदही दिसली. तारीख तीच. त्याने घरी येऊन जसं बघितलं तसं सांगितलं. खोटं बोलायचं त्याला काही कारण नव्हतं. त्या दिवसापासून सासूबाईंच्या वाढदिवसाला आईचा नैवेद्य निघू लागला, आणि सहा वर्षांच्या मुलीला कळलं की आपण आईला मारलं.

मी म्हटलं, मी ती वही बघणार. सासूबाई म्हणाल्या, कशाला. मी म्हटलं, बघणार म्हणजे बघणार, आणि तसं नसलं तर तुम्ही माझं बाळंतपण करायचं. त्यांनी पहिल्यांदाच वर बघितलं.

"आनि तसंच असलं तर?"

मी त्यांच्या हातातली पानं काढून घेतली आणि घरी चला म्हटलं. त्या आल्या, पण ओटी काही भरली नाही.

त्या काळची गावची पुस्तकं आमच्या नगरपालिकेत नव्हती. ती तहसील कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये, लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये. मी रीतसर अर्ज केला. कोर्ट फीचा स्टॅम्प लावला. नक्कल कोणत्या कामासाठी हवी, या रकान्यात लोक काय लिहितात ते मला पाठ होतं, वारस नोंदीकामी, शाळेत दाखल करणेकामी. मला काहीच सुचेना. शेवटी लिहिलं, घरगुती. तिथले रेकॉर्ड कीपर निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, जाड भिंगांचा चष्मा आणि सदऱ्यावर कायम धूळ. त्यांनी तो शब्द दोनदा वाचला, मग माझ्या पोटाकडे बघितलं, आणि म्हणाले, पुढच्या आठवड्यात या.

हे वाक्य मी जन्मभर दुसऱ्यांना सांगत आले होते. ते ऐकायला कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. पुढच्या आठवड्यात गेले, तर साहेब दौऱ्यावर, किल्ली त्यांच्याकडे. त्याच्या पुढच्या आठवड्यात गेले, तर गठ्ठा सापडला होता पण तो दुसऱ्याच गावाचा निघाला. मी अशी काही भडकले की शिपाई खुर्ची घेऊन धावत आला. काका मात्र शांत. रेकॉर्ड कीपरना मी एव्हाना काका म्हणायला लागले होते. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, ताई, साठ वर्षं थांबलेली गोष्ट आहे, आठ दिवसांनी काय बिघडतं. मी म्हटलं, साठ वर्षं थांबली असेल, पण हे पोट थांबणार नाही.

चौथ्या खेपेला वही सापडली. सगळी मोडीत. मला मोडी येत नाही, काकांना येत होती. त्यांनी बोट फिरवत फिरवत आधी जन्माची नोंद काढली. सासूबाईंच्या वडिलांचं नाव, जात, अपत्य मुलगी. मग त्याच पानावर मृत्यूची. त्याच माणसाची बायको, वय वीस, कारण ताप. काकांनी दोन्ही तारखा मोठ्याने वाचल्या. तारीख एकच होती. आत्याच्या दिराने बरोबर वाचलं होतं.

मला वाटलं, हे मी काय करून बसले. आतापर्यंत निदान ऐकीव होतं, आता मी सरकारी शिक्क्याची नक्कल घेऊन घरी जाणार होते. काकांनी विचारलं, नक्कल करू का. मी म्हटलं, थांबा, ही वही जरा माझ्याकडे द्या. अक्षर कळत नव्हतं, पण आकडे थोडेफार लागत होते. आणि वही चाळायची सवय हाडात मुरलेली. मी त्या पानावरच्या तारखा वरून खाली बघत गेले. त्या एका तारखेला गावात चार जन्म आणि तीन मृत्यू. त्याच्या आधी जवळजवळ महिनाभर कोणी जन्मलं नव्हतं, मेलं नव्हतं. त्याच्या आधी पुन्हा एका तारखेला पाच जन्म, दोन मृत्यू. मागचं पान, त्याच्या मागचं पान, सगळीकडे तेच.

मी काकांना विचारलं की या गावात माणसं काय ठरवून जन्मत आणि मरत होती का.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, त्यामुळे तो आणखी मळला, आणि परत लावला. मग हसायला लागले. म्हणाले, महिन्याला एकदा तालुक्याला उतारा पाठवायचा असे. तो न्यायला कोतवाल यायचा त्या दिवशी पाटील वही उघडायचा. चावडीवर चार माणसं गोळा करून विचारायचा, कोण आलं, कोण गेलं. लोक आठवेल तसं सांगायचे आणि सगळ्याला तारीख त्या दिवसाची पडायची. त्यातून मुलीचा जन्म तर कोण मुद्दाम सांगायला जातोय. बाईचं मरण लिहिताना पाटलाने विचारलं असेल, मागे काय, आणि कुणीतरी म्हटलं असेल, एक पोरगी आहे. तिची नोंद झालेली नाही हे तेव्हा लक्षात आलं असेल. मग पाटलाने दोन्ही एकदम लिहून टाकलं. पोरगी तेव्हा किती मोठी होती ते लिहायला तिथे रकानाच नव्हता.

मी तरंगत घरी आले. सासूबाईंना समोर बसवून सगळं सांगितलं, कोतवालापासून रकान्यापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हातातलं तांदूळ निवडणं न थांबवता. मग म्हणाल्या की ठीक आहे, पाटलाने मागाहून लिहिलं असेल. पण मागाहून लिहिलं म्हणून दोन्ही एका दिवशी झालं नाही, असं कुठे लिहिलंय?

आणि बरोबरच होतं ते. दुसरी पास झालेल्या बाईने माझ्यासारख्या कारकुनाला निरुत्तर केलं. ताप म्हणजे बाळंतज्वरही असू शकतो, हेही त्यांनीच सांगितलं. मी हात टेकले. मग मात्र माझा तोल गेला. मी वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुम्हाला दोषी राहायचंच आहे, त्यात तुम्हाला सुख आहे, आणि माझं काय होईल याची तुम्हाला पर्वा नाही. माझी आई असती तर मला असं सोडून पंपाच्या खोलीत गेली नसती. हे शेवटचं बोलायला नको होतं. रात्री मी जेवणार नाही म्हणून आडवी झाले, तर सासूबाई ताट घेऊन येऊन बसल्या आणि दहीभात कालवून एकेक घास माझ्या तोंडापुढे धरत राहिल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. मी रागातच सगळा भात संपवला.

दुसऱ्या दिवशी नक्कल आणायला गेले तेव्हा काकांना म्हटलं, राहू द्या, आमच्या घरच्या कोर्टात तुमचा पुरावा टिकला नाही. त्यांनी विचारलं म्हणून काय झालं ते सगळं सांगितलं. नोंद घरगुती कामासाठी म्हणजे नक्की कशासाठी, ते त्यांना तोवर माहीतच नव्हतं. बघतो, एवढंच म्हणाले. मी काही आशा धरली नाही. बघतो हा शब्दही मी जन्मभर वापरला होता.

आठवा महिना भरत आला. मावशीचा फोन येऊन गेला, खोली रिकामी करून ठेवलीय. माझी रजा मंजूर झाली, सासूबाईंनी माझी बॅग भरायला काढली. शनिवारी निघायचं होतं. आणि गुरुवारी तहसीलचा शिपाई माझ्या खिडकीवर आला. काकांनी बोलावलंय, उद्या, आणि सासूबाईंना घेऊन या, त्यांच्याशिवाय येऊ नका.

सासूबाईंना न्यायला मला खूप गोड बोलावं लागलं. शेवटी मी म्हटलं की जिना चढताना माझा हात धरायला कोणी नको का, तेव्हा निघाल्या. रिक्षात त्या लुगड्याचा पदर मुठीत धरून बसल्या होत्या. कचेरी त्यांनी जन्मात बघितली नव्हती. काकांनी त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. टेबलावर एक अरुंद, लांबट वही होती, कडा वाळवीने खाल्लेल्या. मला म्हणाले, रोज संध्याकाळी अर्धा तास शोधत होतो, जन्म-मृत्यूत नव्हे, इतर कागदांच्या गठ्ठ्यात सापडली. ही देवी टोचणाऱ्याची वही आहे. पूर्वी थंडीच्या दिवसांत तो गावोगाव फिरायचा, लहान पोरांना देवीची लस टोचायचा आणि ज्याला टोचली त्याची नोंद करायचा. तो मात्र नोंद जागच्या जागी करायचा, कारण आठवड्याने परत येऊन फोड धरलाय का ते बघायचं असे.

मग ते सासूबाईंकडे वळले आणि वाचायला लागले. गावाचं नाव वाचलं. वडिलांचं नाव वाचलं. मुलगी, वय सहा महिने. आणि तारीख वाचली. ती तारीख पाटलाच्या तारखेच्या नऊ महिने आधीची होती.

माझ्या डोक्यात आकडे लगेच जुळले. पाटलाच्या पुस्तकाप्रमाणे ही मुलगी जन्माआधी नऊ महिने देवी टोचून बसली होती. म्हणजे आई गेली तेव्हा सासूबाई सव्वा वर्षाच्या होत्या. चालत असतील, बोलत असतील. काकांनी पुढचंही तपासलं होतं. त्या बापाच्या नावावर दुसरं मूल कुठेच नव्हतं, जन्मात नाही आणि मृत्यूतही नाही. मी हे सगळं भडाभडा सासूबाईंना सांगायला लागले, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या वहीकडे बघत होत्या. ओळीच्या शेवटी एक तपकिरी डाग होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि काकांना विचारलं, हे काय.

"अंगठा आहे, मावशी. मूल कोणी आणलं, त्याचा. पुढे लिहिलंय, आई."

सासूबाई म्हणाल्या, परत वाचा. काकांनी परत वाचलं. आई.

घरात त्यांच्या आईचा फोटो नव्हता. एखादं भांडं, एखादं लुगडं, काही काही नव्हतं. सासूबाईंनी अंगठ्यावर हात ठेवला नाही, नमस्कार केला नाही, मला वाटलं होतं तसं काहीच केलं नाही. त्यांनी पोलक्याची डावी बाही वर सरकवली. दंडावर देवीचे दोन वण होते, रुपयाएवढे, साठ वर्षांत पसरट झालेले. मी अडीच वर्षांहून जास्त त्यांच्याबरोबर राहत होते, पण ते कधी नीट बघितले नव्हते. त्या काकांना म्हणाल्या की आत्या सांगायची, देवी काढलेलीच आली होतीस तू आमच्याकडे. मग वणांवरून हात फिरवत राहिल्या. पंख्याने वहीची पानं उडत होती, काकांनी ती तळव्याने दाबून धरली होती.

"रडले असेन ना मी?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळीच पोरं रडतात, मावशी."

"मग घेतलं असेल तिने मला."

काका म्हणाले, घेणारच की. आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी तर केव्हाच रडायला लागले होते.

जिना उतरताना मीच सासूबाईंचा हात धरला होता. अर्ध्यावर त्या थांबल्या. मला वाटलं, चक्कर आली. त्यांनी पदराने तळवा पुसला आणि माझ्या पोटावर ठेवला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. बाजूने माणसं फायली घेऊन वर-खाली जात होती, त्यांना वाट देण्यासाठी सुद्धा त्यांनी हात काढला नाही.

"मावशीला कळव," त्या म्हणाल्या, "तू येत नाय म्हनून."